लाल शाईतला शेरा

माळा आवरताना मार्कांची जुनी वही हाती लागली. पुठ्ठ्यावर ‘फॉर्म बी, गणित, २००९’. आत एका नावापुढे, जूनच्या रकान्यात, माझ्याच अक्षरात लाल शाईचा शेरा : ‘वर्गात बोलत नाही. आत्मविश्वास कमी.’

जानेवारी २००८ ते डिसेंबर २००९ मी लेसोथोत स्वयंसेवक म्हणून शिकवत होते. चारी बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला हा डोंगराळ देश. तिथली सगळ्यात सखल जागासुद्धा १४०० मीटरवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वराइतकी उंच. मी तर त्याहून वर, मोखोत्लोंग जिल्ह्यात होते. ऐन जुलैत बर्फ. बाहेरून आलेल्या मास्तरांचं तिथे नवल नव्हतं. १९६६ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या पीस कोअरचे स्वयंसेवक येऊ लागले. आलेल्याला सेसोथो, म्हणजे तिथल्या भाषेतलं, नाव द्यायची रीत आहे. माझं ठेवलं पालेसा, म्हणजे फूल. पंचेचाळिसाव्या वर्षी मी फूल झाले!

पहिल्या दिवशी वर्गात ५७ मुलं आणि ४० जणांपुरती बाकं. कारण उशिरा कळलं. २००० पासून सरकारने प्राथमिक शिक्षण एकेक इयत्ता करत मोफत केलं होतं. ती पहिली तुकडी २००६ मध्ये सातवी झाली आणि त्यानंतर हायस्कूलच्या दारात गर्दी लोटली. हायस्कूलला मात्र फी होती, आणि ती भरायला घरात पैसा नव्हता. एके काळी लाखाहून अधिक पुरुष दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत जायचे. ते काम आटलं होतं. मोठ्यांपैकी चौघांत जवळजवळ एकाला एचआयव्हीची लागण. आईबाप गेलेली मुलं दर बाकावर. सत्तरी ओलांडलेल्यांना २००४ पासून पेन्शन मिळू लागली होती, आणि माझ्या वर्गातल्या कित्येकांची फी आजीच्या त्या पेन्शनीतून यायची.

आणि वर इंग्रजी. तेव्हा त्यात नापास तर शालान्त परीक्षेतच नापास. म्हणून आमच्या शाळेच्या आवारात सेसोथो बोलायला बंदी. बोलताना सापडला की नाव यादीत, आणि दुपारी मैदान झाडायचं. त्या यादीत मीही नावं लिहिली आहेत. सगळे लिहितात म्हणून लिहिली, हे काही समर्थन नव्हे.

४ ऑक्टोबर हा स्वातंत्र्यदिन. त्याच्या अलीकडच्या शुक्रवारी आमच्याकडे ‘कल्चर डे’ असायचा. आपल्या गॅदरिंगसारखा, पण स्टेज नाही, माइक नाही आणि त्या दिवसापुरती यादीही नाही. मुली वाखाच्या दोऱ्यांचे घागरे, थेथाना, नेसून आलेल्या. बायकांचा मोखिबो गुडघ्यांवर बसून, खांदे उडवत करायचा. मला ओढलं, दोन मिनिटांत गुडघे बोलायला लागले आणि आख्खं मैदान हसलं. बाजूला मोतोहोची पातेली. ज्वारीची आंबीलच ती. आदल्या आंबिलीतलं थोडं राखून ठेवतात, त्या विरजणाला तोमोसो म्हणतात. घोट घेतला आणि डोळ्यांसमोर चैत्रातलं आमचं घर आलं.

मग तो उठला. लाल शेऱ्याचा धनी. वय वीसच्या आसपास. लहानपण डोंगरात मेंढरं राखण्यात गेलेलं, म्हणून शाळेत उशिरा आलेला. पुरुषांच्या रीतीने ब्लँकेट उजव्या खांद्यावर अडकवलेलं. मक्याच्या कणसांची नक्षी. (ही ब्लँकेटं बसोथोंची, म्हणजे लेसोथोच्या लोकांची, ओळख, पण विणली जातात दक्षिण आफ्रिकेत.) काठी आपटत, येरझाऱ्या घालत त्याने लिथोको सुरू केले. हे राजांचे, वीरांचे पोवाडेच म्हणा, फक्त डफ नाही आणि श्वास घ्यायला जागाही नाही. सात-आठ मिनिटं, एकदाही न अडखळता. म्हाताऱ्या जिभा हलवून किलकाऱ्या मारत होत्या. मला त्यातलं पाव कळलं असेल. शेजारी बसलेल्या सेसोथोच्या बाई कानात अर्थ सांगत होत्या : राष्ट्र उभारणारा राजा मोश्वेश्वे याचं नाव म्हणजे वस्तऱ्याचा आवाज. तरुणपणी त्याने एका शेजारच्या सरदाराची गुरं पळवली आणि त्याची दाढी भादरणारा वस्तरा म्हणून स्वतःचीच कवनं रचली.

‘याला इतकं येतं?’ मी विचारलं. बाई म्हणाल्या, ‘म्मे पालेसा, तुम्ही कधी विचारलं होतं का?’

डिसेंबरात मी निघाले. मला पाठवणाऱ्या संस्थेने माझ्या जागी कोणाला पाठवलं नाही. पुढचं वर्षभर गणित तसंच पडून राहिल्याचं पत्रातून समजलं. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे पीस कोअरने जगभरातले सगळे स्वयंसेवक एकदम माघारी बोलावले, तेव्हा अशा कितीतरी वर्गांची आठवण झाली. जायचंच असेल तर आधी तिथली भाषा शिकावी आणि आपल्या मागे कोण, हे ठरवून जावं, असं मी विचारणाऱ्यांना सांगते. फारसं कोणी ऐकत नाही.

वहीत त्याच नावापुढे डिसेंबरचाही रकाना आहे. १०० पैकी ३४. शेऱ्याची जागा कोरी आहे.