गाडी पाहताना आजींनाही न्यावे

घरात नवी छोटी गाडी घ्यायचे ठरले, की चर्चा रंगते ती मायलेजची आणि किमतीची. ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांचे मत मात्र क्वचितच विचारले जाते.

वॅगन आरचे उदाहरण पाहा. १९९९ साली भारतात आलेल्या या गाडीची २०१९ची आवृत्ती १६७५ मिलिमीटर उंच आहे. ज्येष्ठांना ती आवडते याचे कारण या उंचीतच आहे. आसन कमरेच्या पातळीजवळ असल्याने फार वाकावे लागत नाही. आसन खोल असेल, तर गुडघे कमरेच्या वर जातात आणि उठताना सारा भार त्यांच्यावर येतो.

नावडीची बाजूही आहे. रुंदी १६२० मिलिमीटरच असल्याने मागे तिघांची दाटी होते. उंच बांध्यामुळे वळणावर अंग अधिक डोलते. आपण मुंबईहून कसारा घाट चढून इगतपुरीस येत असाल, तर हे प्रकर्षाने जाणवेल. पाच माणसे आणि सामान असता एक लिटरच्या इंजिनाला चढावर खालच्या गिअरचाच आधार घ्यावा लागतो.

म्हणून वाचकहो, खरेदीपूर्वी घरातील ज्येष्ठांना गाडीत बसवून पाहावे. आधी पाठमोरे बसावे, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यावेत. उतरताना पाय जमिनीवर टेकवून क्षणभर थांबावे. एकदम उठल्यास भोवळ येऊ शकते. वॉकर मागच्या जागेत मावतो का, तेही तपासावे. ज्येष्ठांना कोणाच्या हाताशिवाय उतरता आले, तर ती गाडी आपल्या घरासाठी योग्य समजावी.