अर्धा उजेड, अर्धी वीज

शहापूर तालुक्यातील भातसानगरला तुम्ही कधी गेला आहात काय? येथील धरणाचे पाणी मुंबईची तहान भागवते आणि पायथ्याच्या केंद्रात वीजही निर्माण करते. या केंद्राची क्षमता १५ मेगावॅट, म्हणजे दीड कोटी वॅट.

आता थोडे गणित करू या. एवढ्या विजेवर ६० वॅटचे तारेचे अडीच लाख दिवे लागतील. तेवढाच उजेड देणारा एलईडी दिवा सुमारे ९ वॅट घेतो. असे दिवे सोळा लाखांहून अधिक लागतील!

पण भरदुपारी खिडकीजवळच्या बाकांना पूर्ण उजेड कशाला हवा? दिवा मंद केला तर? पूर्वी त्यासाठी तारेच्या दिव्याला रोध जोडत. रोध तापे आणि वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाई. उजेड निम्मा झाला, तरी वीज निम्मी होत नसे.

एलईडीची युक्ती निराळी. एक नखाएवढा ट्रान्झिस्टर त्याला सेकंदाला शेकडो-हजारो वेळा चालू-बंद करतो. दिवा निम्मा वेळ चालू राहिला, की उजेड निम्मा आणि वीजही जवळजवळ निम्मी. ही उघडझाप इतकी जलद असते, की डोळ्यांना ती जाणवत नाही. ट्रान्झिस्टर स्वस्त, म्हणून ही सोयही स्वस्त. मात्र प्रत्येक एलईडी दिवा मंद करता येत नाही. विकत घेताना वेष्टन वाचावे.

उद्या वर्गात खिडकीजवळचे दिवे बंद करून वाचून पाहा. किती दिवे खरोखरच लागतात? धरण मोठे करता येत नाही. पण त्याची वीज अधिक घरांना पुरवणे आपल्या हाती आहे.