पालघर आणि कलम ६६-अ : एक मागोवा

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेटची सेवा विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. सन २००० चा माहिती तंत्रज्ञान कायदा प्रामुख्याने इलेक्ट्रॉनिक व्यवहारांना मान्यता देण्यासाठी झाला. तथापि २००८ च्या दुरुस्तीने त्यात कलम ६६-अ घालण्यात आले आणि संगणक वा मोबाइलवरून 'घोर आक्षेपार्ह' मजकूर पाठवणे हा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र गुन्हा ठरला. आक्षेपार्ह म्हणजे काय, याची व्याख्या मात्र कायद्याने केली नाही.

या संदिग्धतेचे परिणाम पालघरमध्ये उघड झाले. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाल्यानंतर मुंबईत पाळल्या गेलेल्या बंदविषयी, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या या गावातील एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न उपस्थित केला आणि तिच्या मैत्रिणीने त्या पोस्टला 'लाइक' दिले. एवढ्यावरून दोघींना अटक झाली, तर पोस्ट लिहिणारीच्या काकांच्या रुग्णालयाची जमावाने मोडतोड केली. देशभर टीका झाल्यावर पोलीस अधिकाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली आणि पुढे दोघींवरील खटलाही बंद करण्यात आला. परंतु ज्या कलमाच्या आधारे अटक झाली होती, ते कायम राहिले.

नोव्हेंबर २०१२ मध्येच श्रेया सिंघल या तरुणीने त्या कलमाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरिमन यांच्या खंडपीठाने २४ मार्च २०१५ रोजी ते घटनाबाह्य ठरवून रद्द केले. एखाद्या मताची चर्चा करणे, त्याचा पुरस्कार करणे आणि प्रत्यक्ष चिथावणी देणे या तीन गोष्टी वेगळ्या असून, कितीही अप्रिय वाटले तरी पहिल्या दोहोंना अनुच्छेद १९(१)(अ) चे संरक्षण आहे, हा या निकालाचा गाभा होय. संकेतस्थळे रोखण्याचा सरकारचा अधिकार, म्हणजे कलम ६९-अ, मात्र न्यायालयाने वैध मानला.

रद्द झालेल्या कलमाखाली त्यानंतरही गुन्हे नोंदले जात राहिले, त्यामुळे ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला ते थांबवण्याचे निर्देश द्यावे लागले. भारतीय इंटरनेटच्या इतिहासात पालघरचे स्थान यामुळेच महत्त्वाचे आहे: नागरिकाच्या अभिव्यक्तीचा अधिकार न्यायालयात सिद्ध होत असला, तरी त्याची खरी कसोटी गावच्या पोलीस ठाण्यात लागते, आणि तेथे तो जपला गेला तरच त्या निकालाला अर्थ उरतो.