बाह्य मोडेम आणि लिनक्स

संगणकाची भाषा शून्य आणि एक या दोनच अंकांची असते. दूरध्वनीची तार मात्र माणसाचा आवाज वाहून नेण्यासाठी टाकलेली असते. या दोहोंमधला दुभाषी म्हणजे मोडेम. अंकांचे ध्वनिसंकेतांत रूपांतर करणे म्हणजे मॉड्युलेशन आणि त्या संकेतांतून पुन्हा अंक मिळवणे म्हणजे डिमॉड्युलेशन. या दोन शब्दांची आरंभीची अक्षरे जुळून 'मोडेम' हे नाव तयार झाले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले झाले, तेव्हा घरातील संगणक याच मार्गाने जगाशी जोडले जाऊ लागले.

पुढे लॅपटॉपमध्ये मोडेम आतच बसवून मिळू लागला. किंमत कमी ठेवण्यासाठी अशा अनेक मोडेममधील रूपांतराची यंत्रणा काढून टाकण्यात आली. ते काम विंडोजसाठी लिहिलेल्या आज्ञावलीमार्फत लॅपटॉपच्या प्रोसेसरकडून करून घेतले जाई. या मोडेमना 'विनमोडेम' असे नाव पडले. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेली लिनक्स ही मुक्त प्रणाली वापरणाऱ्यांची येथे अडचण झाली. मोडेमची अंतर्रचना निर्माते बहुधा उघड करीत नसत. त्यामुळे लिनक्ससाठी तशी आज्ञावली लिहिणे कठीण होते. लॅपटॉप चालू, तार जोडलेली, तरीही मोडेम मुकाच राही.

यावर खात्रीचा उपाय होता सिरियल पोर्टला जोडायचा बाह्य मोडेम. रूपांतराची सारी यंत्रणा त्या लहानशा पेटीतच असे. १९८१ च्या हेज स्मार्टमोडेमपासून रूढ झालेल्या 'एटी' आज्ञा तिला समजत. 'एटीडी' म्हणजे क्रमांक फिरव, 'एटीएच' म्हणजे फोन ठेव. आज्ञा विंडोजकडून आली की लिनक्सकडून, याच्याशी तिला कर्तव्य नसे. यूएसबीला जोडायच्या सर्वच मोडेमबाबत मात्र ही खात्री देता येत नसे. त्यांपैकी काहींनी रूपांतराचे काम संगणकावरच सोपवलेले असे.

बाह्य मोडेम महाग पडे, प्रवासात त्याचे ओझे होई आणि त्याला बहुधा वेगळा वीजपुरवठाही लागे. तरीही तो लिनक्सवर चाले, कारण त्याच्याशी बोलण्याचे नियम सर्वांना ठाऊक होते. मोबाइल जाळ्याशी जोडणारे अनेक यूएसबी मोडेम आजही एटी आज्ञा ओळखतात. नियम खुले असले, तर उपकरण कोणत्या प्रणालीवर वापरायचे हे ठरवण्याचा अधिकार ग्राहकाकडे राहतो.