‘टोकियो ड्रिफ्ट’: नायकाच्या मागे उभी असलेली माणसं

‘द फास्ट अँड द फ्युरियस’ मालिकेतला तिसरा चित्रपट, ‘टोकियो ड्रिफ्ट’, २००६ साली आला. पहिल्या दोन भागांचा चेहरा असलेला पॉल वॉकर यात नाही आणि विन डिझेल अगदी शेवटी क्षणभर दिसतो. मुख्य मालिकेत सर्वात कमी कमाई याच भागाची. तरीही पात्रांच्या दृष्टीने मला हा भाग सगळ्यांत जवळचा वाटतो.

गोष्ट एवढीच

अमेरिकेत शर्यतीपायी पोलिसांच्या हाती लागलेल्या शॉन बॉसवेलला त्याची आई टोकियोला वडिलांकडे पाठवते. वडील अमेरिकी नौदलात. तिथे त्याला ड्रिफ्टिंग पाहायला मिळतं. वळणावर मागच्या चाकांची पकड मुद्दाम सोडवायची, गाडी आडवी घसरू द्यायची आणि पुढची चाकं उलट दिशेला वळवून तिला ताब्यात ठेवायचं. सरळ रस्त्यावर इंजिनाच्या जोरावर जिंकलेल्या मुलाला हे जमत नाही. तिथल्या पहिल्याच शर्यतीत पार्किंगच्या इमारतीत तो दुसऱ्याची निसान सिल्व्हिया भिंतींवर आपटून मोडून टाकतो.

शॉन

लुकस ब्लॅकने शॉन प्रामाणिकपणे उभा केला आहे. पण पटकथेने त्याला हट्टापलीकडे फारसं काही दिलेलं नाही. शिवाय शाळकरी मुलाच्या मानाने तो थोराड दिसतो. तो आवडू लागतो तो दुसऱ्या अर्ध्या भागात, चूक निस्तरायला स्वतःच्या पायांनी प्रतिस्पर्धी ताकाशीचा काका कामाता याच्या दारात जातो तेव्हा. ट्विंकी हा शाळेतला मित्र शॉनला ड्रिफ्टिंग शिकवणाऱ्या हानने दडवलेल्या पैशांची भरपाई म्हणून स्वतःजवळचे पैसे शॉनच्या हाती ठेवतो. तोवर केवळ बडबड्या वाटलेला हा मुलगा तेवढ्या एका कृतीने मनात राहतो. शॉनचे वडीलही तसेच. ‘शाळा सुटली की घर’ असा दंडक घालणारा हा माणूस शेवटच्या शर्यतीसाठी मुलाबरोबर जुनी मस्टँग उभी करतो. मोडलेल्या सिल्व्हियाचं इंजिन त्याच मस्टँगमध्ये बसतं. बाप-लेकाचं जुळणं संवादांऐवजी गॅरेजमधल्या कामातून दाखवलं, हे मला फार आवडतं.

हान

चित्रपट खरा हानचा आहे. सुंग कांगने ‘हान’ नावाचं पात्र दिग्दर्शक जस्टिन लिनच्याच ‘बेटर लक टुमॉरो’मध्ये आधी रंगवलं होतं आणि लिनने त्याला इथे आणलं. आशियाई चेहऱ्याच्या माणसाला हॉलीवूडने वर्षानुवर्षं खलनायक, कराटेवाला नाहीतर विनोदी पात्र, एवढ्याच जागा दिल्या. हान यातला कुणीच नाही. तो देखणा आहे, सावकाश बोलतो, सतत काहीतरी खात असतो आणि त्याला कुणापुढे काही सिद्ध करायचं नसतं.

आपली सिल्व्हिया त्यानेच शॉनला दिली होती. ती मोडल्यावर तो आरडाओरडा करत नाही, कामाला लावतो आणि शिकवतो. समोरचा माणूस कसा आहे हे कळायला एक गाडी गेली तर तो सौदा त्याला परवडतो. तू शर्यत का लावत नाहीस, असं शॉन विचारतो तेव्हा त्याचं उत्तरही याच जातीचं आहे: गाडी पळवावी ती खरोखर महत्त्वाच्या गोष्टीसाठी. टोकियोत आपण का आलो हे सांगताना तो सरहद्दीकडे पळणाऱ्या वेस्टर्नपटांतल्या काउबॉयची आठवण काढतो. हा माणूस मागे काहीतरी सोडून आला आहे, हे तेवढ्यावरून कळतं. त्याचा भूतकाळ मोकळा सोडला म्हणूनच तो इतका खोल वाटतो.

तो साधू नाही, हेही विसरू नये. भागीदार ताकाशीच्या हिशेबातले पैसे तो खातो आणि त्यातूनच सगळं बिघडतं. पाठलागात शॉन आणि त्याची मैत्रीण नीला यांना निसटता यावं म्हणून तो मागे राहतो आणि त्याची केशरी-काळी माझदा आरएक्स-७ पेटते, त्यातच तो जातो. त्यानंतर चित्रपटातली ऊब ओसरते, ती परत येत नाही.

ताकाशी आणि कामाता

‘ड्रिफ्ट किंग’ म्हणवणारा ताकाशी (ब्रायन टी) रागीट आहे, पण त्याचा राग एकाच पट्टीतला. गंमत म्हणजे प्रत्यक्षात ‘ड्रिफ्ट किंग’ म्हणून ओळखला जाणारा केइची त्सुचिया इथे शॉनचा सराव बघून हसणाऱ्या मच्छीमाराच्या वेषात दिसतो. ताकाशीचा काका कामाता मात्र जबरदस्त. सनी चिबा आवाज न चढवता पुतण्याला त्याची जागा दाखवतो. घाटातली शर्यत संपल्यावर तो दिलेला शब्द पाळतो आणि शॉनला जाऊ देतो. यामुळे तो खलनायकाहून मोठा होतो.

नीला

सर्वात मोठा अन्याय नॅथली केलीच्या नीलावर झाला आहे. ती स्वतः उत्तम ड्रिफ्ट करते. रात्री डोंगररस्त्यावर गाड्या एका लयीत वळत जातात आणि ती शॉनशी बोलत सहज गाडी चालवते, तो प्रसंग चित्रपटातला सर्वात सुंदर. आई गेल्यावर ताकाशीच्या आजीने तिला वाढवलं, म्हणजे घर आणि मन यांतली ओढाताणही तिच्याकडे आहे. पण पटकथा तिला दोन पुरुषांमधल्या वादाचं कारण करून ठेवते. सुरुवातीच्या अमेरिकेतल्या शर्यतीतही एक मुलगी स्वतःलाच बक्षीस म्हणून लावते, तेव्हा ही सवय जुनीच. शेवटच्या शर्यतीत नीला स्टिअरिंगवर हवी होती.

हानचं परत येणं

हान इतका आवडला की पुढच्या तीन चित्रपटांच्या गोष्टी ‘टोकियो ड्रिफ्ट’च्या आधीच्या काळात ठेवल्या गेल्या. २०१३च्या सहाव्या भागात त्याचा मृत्यू अपघात नव्हता, डेकार्ड शॉ या खलनायकाने केलेला खून होता, असं दाखवलं. पुढे तोच शॉ नायकांच्या पंगतीला बसला. चाहत्यांनी हानसाठी न्याय मागितला आणि २०२१च्या ‘एफ ९’मध्ये हान जिवंत परतला. सुंग कांगला पुन्हा पाहून मला आनंद झाला. पण त्या रात्री हानने दिलेली किंमत या परतण्याने हलकी झाली, आणि शॉचा हिशेब तर कुणी चुकता केलाच नाही.