चपडा कोण नेतो?

सकाळी ९
गोंदियात जुन्या सागवानी खुर्च्यांसाठी मिस्त्री शोधायचा, तर फर्निचरच्या शोरूममध्ये जाऊन उपयोग नाही. तिथे "बदलूनच घ्या" एवढंच ऐकायला मिळतं. मी हार्डवेअरच्या दुकानात विचारलं, "पॉलिशसाठी चपडा लाख अजून कोण नेतो?" मेलामाइन आणि पीयू पॉलिशचे डबे रोज खपतात, त्यांच्या गिऱ्हाइकांची आठवण कोण ठेवणार? चपडा नेणारा मात्र दुकानदाराला चेहऱ्यानिशी आठवला. "आमगाव रोडले जा. आरामशीनच्या मागं शेड आहे."

या जिल्ह्यात लाखेसाठी असं विचारत फिरावं लागतं, याची गंमत वाटते. लाखेचा किडा पळसावर, कुसुमावर, बोरीवर वाढतो, आणि पळस तर इथे बांधाबांधावर आहे.

सकाळी १०
शेड उघडी होती, पण मिस्त्रींचा पोऱ्या आलेला नव्हता. दिवाळीनंतरचे दिवस, म्हणजे झाडीपट्टीत मंडईचे, जत्रा-नाटकांचे. रात्रभर नाटक पाहून तो कुठेतरी झोपला असणार, आणि उठला तरी घरचे त्याला धान कापायला नेणार. मिस्त्रींनी स्वतःच माझ्या खुर्च्या मालवाहू ऑटोतून उतरवल्या.

या खुर्च्या सासऱ्यांनी १९६०च्या दशकात इथल्याच सुताराकडून करून घेतलेल्या. खाली निमुळते होत जाणारे तिरके पाय, बारीक हात, वेताची बैठक, कुठे नक्षी नाही. एकीची बैठक फाटलेली, दुसरीचा मागचा पाय डुगडुगता. बरोबर एक टीपॉयही होता.

मिस्त्रींनी किंमत सांगितली नाही. खुर्ची उलटी केली, सांध्यावर बोटाने टकटक केली आणि विचारलं, "खिळा कोनं ठोकला जी?"

दहा माणसांना खुर्ची दाखवली तर नऊ जण पैसे सांगतात. आधीच्या दुरुस्तीचा राग येणारा माणूस सापडला, तर खुर्ची तिथेच ठेवावी.

सकाळी ११
सगळ्यात जास्त वेळ इथे गेला. बैठकीखाली, दिसणार नाही अशा जागी, त्यांनी स्पिरिटचा बोळा टेकवला. बोट चिकटलं. म्हणजे लाखेचं पॉलिश. मग सांध्याला गरम पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळलं आणि चहा सांगितला.

फेविकॉल बाजारात आला १९५९ साली. त्याआधी, आणि खेड्यापाड्यांत नंतरही बरीच वर्षं, सुतार जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस वापरत. भांड्यात भांडं ठेवून, खालच्या पाण्याच्या उष्णतेवर तो पातळ करायचा. त्याला वास येतो, ओल लागली की तो सुटतो, म्हणून लोकांनी सोडला. दुरुस्तीवाल्याला मात्र हा सुटण्याचाच गुण हवा असतो. सांधा न तोडता उघडता येतो, आणि नवा सरस जुन्या सरसाशी मिळून जातो. फेविकॉलचं तसं नाही. जुना थर पूर्ण खरवडल्याशिवाय नवा धरत नाही, आणि खरवडताना सांध्यात शिरणारी कूस बारीक होते.

चहा संपला. सांधा सरसाचाच होता. मोगरीचे हलके ठोके पडले आणि पाय हातात आला. खिळ्याने कूस उभी चिरली होती. चिरलेला भाग कापून तिथे नवं लाकूड बसवायचं ठरलं. नवं म्हणजे जुनंच. कवेलूची घरं पाडून स्लॅब टाकणाऱ्यांकडून मिस्त्री मयाली विकत घेऊन ठेवतात. पन्नास-साठ उन्हाळे पाहिलेलं सागवान आता फारसं आकसत नाही. ताजं लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि इथल्या पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात सांधा सोडतं. सांधा आवळून धरायला शिकंजा नव्हता, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या होत्या. तिरक्या पायाला त्याच बऱ्या, लोखंडाचा वळ उठत नाही.

दुपारी १
डबा खाताना मी त्यांना मोबाइलवर चंदीगडच्या खुर्च्या दाखवल्या. त्या शहराचे वास्तुरचनाकार ल कॉर्ब्युझिए यांचे चुलतभाऊ पिएर जानरे १९५१ ते १९६५ तिथे राहिले. नव्या शहराच्या कचेऱ्यांसाठी त्यांनी सागवान आणि वेताचं साधं सामान आखलं, आणि ते आपल्याच सुतारांनी घडवलं. पुढे त्या खुर्च्या मोडल्या, भंगारात लिलावाने गेल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या नेल्या, दुरुस्त केल्या आणि लाखो रुपयांना विकल्या. २०११मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने अशा सामानाच्या विक्रीला मनाई केली.

मिस्त्रींनी फोटो मोठा करून पायाचा जोड पाहिला. "काम साधंच आहे. म्हंजे टाकलं कोनं, आनि उचललं कोनं!"

दुपारी ३
वेताचं काम ते करत नाहीत, हे त्यांनी सरळ सांगितलं. लोक बुरुडाकडे पाठवतात, पण बांबूची टोपली आणि खुर्चीची जाळी हे दोन वेगळे हात. चौकटीच्या भोकांतून उभे, आडवे आणि दोन्ही तिरके पदर एकमेकांत घालत अष्टकोन पाडावे लागतात. पट्टी भिजवलेली नसेल तर वळणावर तुटते. रेल्वेत आणि सरकारी कचेऱ्यांत हे काम वर्षानुवर्षं दृष्टिहीन कारागीर करत आले. अंधशाळांतून ते शिकवलं जाई. मिस्त्री चौकट नागपूरला अशाच एका विणकराकडे पाठवतात. प्लास्टिकची पट्टी स्वस्तात होते, पण ती बसून बसून खोलगट होते आणि मग ताणता येत नाही.

दुपारी ४.३०
एक गिऱ्हाईक पलंगाला सनमायका लावून मागायला आलं. मिस्त्रींनी काम घेतलं. घर त्यावरच चालतं. दुरुस्तीत तास जातात, आणि तासांचे पैसे द्यायला कोणी तयार नसतं. मी घासाघीस केली नाही.

संध्याकाळी ६
टीपॉयवर गरम कपाचं पांढरं वर्तुळ होतं. लाखेवर असलं वर्तुळ स्पिरिटच्या ओलसर बोळ्याने हलक्या हाताने जातं. इथे बोळा फिरला, बोट चिकटलं नाही. कोणीतरी वर पीयू मारलेला. "हे माझ्याकडं नाही होत. घरी न्या."

खुर्च्यांचं पॉलिशही आज नाही. पाऊस संपला तरी सकाळी दव असतं. हवेत ओल असली की लाख पांढुरकी पडते. आधी सांधे, मग नागपूरहून विणून आलेली चौकट, मग झिरो नंबरचा पेपर, आणि थंडी कोरडी झाली की पातळ पातळ हात. तारीख विचारली तर संक्रांत म्हणाले.

"ॲडव्हान्स किती देऊ, मिस्त्री?"

"वेताचे द्या फक्त. माझे बसून पाहल्यावर द्या."