मध्येच लाईट गेली तर?

हळद शिजवायचे दिवस होते. कळमनुरी तालुक्यातल्या मावशीच्या घरी जेवणं आटोपून सगळे टीव्हीसमोर बसले, तर मालिकेच्या जागी निळी पट्टी. 'नवीन सॉफ्टवेअर येत आहे. कृपया सेट-टॉप बॉक्स बंद करू नका.' पट्टी निम्म्याच्या आसपास आली आणि लाईट गेली. पाऊण तासाने आली तेव्हा डब्याचा लाल दिवा नुसता लुकलुकत होता, पडदा काळा.

"आम्ही हात बी नाही लावला रे," मावशी फोनवर म्हणाली. "बंद करू नका म्हणली पाटी, मग बंद कोण केलं?"

प्रश्न बिनतोड होता. मी पोटापाण्यासाठी सर्व्हर सांभाळतो, म्हणून घरच्यांच्या लेखी टीव्हीपासून मोटारीच्या स्टार्टरपर्यंत सगळं माझंच खातं. डबा घेऊन हिंगोलीतल्या एका कारागिराकडे गेलो. त्याने चार स्क्रू काढले, आतल्या बोर्डावरच्या तीन बारक्या टाचण्यांना तीन वायरी लावल्या आणि दुसरं टोक लॅपटॉपला जोडलं. पडद्यावर अक्षरं धावली आणि एका ओळीशी अडकली: 'बॅड सीआरसी'. साठवलेला प्रोग्राम आणि त्याच्या पडताळणीची बेरीज जुळत नाही. अर्धा नवा, अर्धा जुना, म्हणजे धड कोणताच नाही. "बाकीच्याला उठवणारा बूटलोडर शाबूत हाय, म्हणजे जीव हाय," असं म्हणत त्याने पेनड्राइव्हवरून तोच प्रोग्राम पुन्हा ओतला. दहा मिनिटांत डबा बोलायला लागला.

या प्रोग्रामला फर्मवेअर म्हणतात. डब्याला डबेपण देणारी गोष्ट हीच. आपल्याकडे डबे घरोघर पोचले ते केबलच्या डिजिटायझेशनमुळे. मुंबईसारख्या महानगरांना 2012 ची मुदत होती. हिंगोली, वसमत, कळमनुरी ही आपली नगरपालिकांची गावं तिसऱ्या टप्प्यात आली, त्यांची मुदत 31 डिसेंबर 2015. खेडी चौथ्या टप्प्यात. त्यांची मुदत वाढत 31 मार्च 2017 वर गेली. त्याआधीच गावागावांत छत्र्या लागल्या होत्या. दूरदर्शनची मोफत सेवा डिसेंबर 2004 मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने सुरू झाली, ती आता डीडी फ्री डिश. मराठवाड्याचं या धंद्याशी घरचं नातं आहे. चितेगावात कारखाना असलेल्या व्हिडिओकॉनने 2009 मध्ये आपली डीटूएच सेवा काढली. 2018 मध्ये ती डिश टीव्हीत विलीन झाली.

फ्री डिशची छत्री आपल्याकडे आग्नेयेला, साधारण 60 अंश वर तोंड करून असते. तिकडे 93.5 अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या सुमारे 36,000 किलोमीटर वर, जीसॅट-15 उपग्रह आहे. 11 नोव्हेंबर 2015 ला आपल्या वेळेने पहाटे 3 वाजून 4 मिनिटांनी तो फ्रेंच गयानातल्या कौरू इथून उडाला. त्या दिवशी लक्ष्मीपूजन होतं.

उपग्रहावरून डब्यापर्यंतचा रस्ता एकेरी. डबा ऐकतो, पण उत्तर देऊ शकत नाही. मग नवा प्रोग्राम त्याच्यात उतरवायचा कसा? त्यावरची युक्ती मला फार आवडते, कारण ती थेट विहिरीवरची आहे: रहाटगाडगं. प्रोग्रामचे तुकडे करायचे आणि वाहिन्यांच्या प्रवाहाच्या एका कोपऱ्यातून ते क्रमाने सोडत राहायचे. शेवटचा तुकडा गेला की पुन्हा पहिला. वळीव कोसळत असताना चारशेवा तुकडा निसटला, तर डबा पुढच्या फेरीत तेवढाच झेलतो. प्रत्येक फेरीसोबत कंपनीचा क्रमांक, डब्याचं मॉडेल आणि प्रोग्रामची आवृत्ती पुकारली जाते. आपलं नाव ऐकू आलं तरच डब्याने पोहरा धरायचा.

हिशेब करून पाहा. प्रोग्राम 32 मेगाबाइटचा आणि रहाटाचा वेग सेकंदाला 200 किलोबिट असेल, तर एक फेरी सुमारे 21 मिनिटांची. डबे दहा असोत की दहा लाख, रहाटाला फरक पडत नाही.

या एकेरी वाटेने काय काय करता येतं ते अमेरिकेत 21 जानेवारी 2001 ला दिसलं. डायरेक्टव्ही या उपग्रह टीव्ही कंपनीच्या वाहिन्या डब्यात चोरटी कार्डं घालून फुकट पाहणाऱ्यांची तिथे चंगळ होती. कंपनीने बरेच दिवस निरुपद्रवी दिसणारे तुकडे हवेतून कार्डांत उतरवले. चोरांनाही त्यात विशेष काही दिसलं नाही. सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या आदल्या रविवारी शेवटचा तुकडा गेला, सगळे जुळून प्रोग्राम झाला आणि चोरट्या कार्डांची वाट लागली. मेलेल्या कार्डांच्या सुरुवातीला 'गेम ओव्हर' ही अक्षरं लिहिलेली सापडली.

आता डबे इंटरनेटला जोडले जाताहेत. फायबर ग्रामपंचायतीपर्यंत येतं आहे आणि मोबाइलचा हॉटस्पॉट तर कोणाच्याही खिशात असतो. रस्ता दुहेरी झाला की रहाटाच्या जागी सर्व्हर येतो. तो उभा करणं वाटतं तेवढं अवघड नाही. एनजिनएक्ससारखा फुकटचा वेब सर्व्हर, एका फोल्डरमध्ये फर्मवेअरच्या फाइली आणि शेजारी एक छोटी यादी: कोणतं मॉडेल, बोर्डाची कोणती आवृत्ती, प्रोग्रामचा क्रमांक, आकार, बेरीज आणि डिजिटल सही. डबा सुरू होताना किंवा रात्री कधीतरी यादी वाचतो आणि आपल्यापेक्षा मोठा क्रमांक दिसला तर फाइल मागतो. मध्येच तुटलं तर राहिलेला तुकडाच मागायची सोय वेबच्या नियमांत आहेच. एका दुपारचं काम.

ही दुपार पुण्याच्या ऑफिसातली. हिंगोलीत तोच सर्व्हर पहिल्याच आठवड्यात आडवा होईल, आणि त्याला कारण वीज. एका फीडरवरची गावं एकदम अंधारात जातात आणि एकदमच उजळतात. उजळली की सगळे डबे त्याच क्षणी जागे होऊन सर्व्हरचं दार ठोठावतात. 10,000 डब्यांनी 32 मेगाबाइट मागितले तर 320 गिगाबाइट झाले. सर्व्हरची लाइन 100 मेगाबिटची असेल तर ती पूर्ण भरून वाहिली तरी सात तास लागतील. तोवर निम्मे डबे थकून पुन्हा मागायला लागतात. यात्रेत एकाच दाराने सगळ्यांना सोडल्यासारखं. उपाय साधा आहे. जागं झाल्यावर प्रत्येक डब्याने स्वतःपुरती चिठ्ठी टाकून पाच मिनिटं ते सहा तास यांत कितीही वेळ थांबायचं, मग विचारायचं. सर्व्हरनेही आधी शंभरातल्या एकाच डब्याला नवी आवृत्ती द्यायची, दोन दिवस वाट पाहायची, तक्रार नसेल तर पुढे सरकायचं.

दुसरी खोड घड्याळाची. बऱ्याच स्वस्त डब्यांत घड्याळाला बॅटरी नसते. लाईट जाऊन आली की डब्याच्या लेखी तारीख 1 जानेवारी 1970, पहाटेचे साडेपाच. सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्र असतं चालू सालाचं. डबा म्हणतो, हे अजून लागूच झालेलं नाही, आणि दार लावून घेतो. म्हणून आधी वेळ मिळवायची, मग प्रमाणपत्र तपासायचं. ते ज्यावरून तपासायचं ती डब्यातली विश्वासाच्या मूळ प्रमाणपत्रांची यादीही जुनी होते. 30 सप्टेंबर 2021 ला, फुकट प्रमाणपत्रं देणारी लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था ज्यावर विसंबून होती ते एक मूळ प्रमाणपत्र संपलं आणि जगभरची कितीतरी जुनी उपकरणं धडधाकट असूनही इंटरनेटवर आंधळी झाली.

सहीत कसूर करायची नाही. सही करणारी गुप्त किल्ली सर्व्हरवर ठेवणं म्हणजे कपाटाची किल्ली कपाटालाच टांगणं. ती इंटरनेटला न जोडलेल्या यंत्रात असावी. सर्व्हर फुटला तरी चोराला सही करता येणार नाही. पण सही बरोबर आणि मजकूर चुकीचा, असंही होतं. जून 2020 मध्ये सॅमसंगचे ब्लू-रे प्लेअर जगभर एकाच वेळी चालू-बंद व्हायला लागले. त्यांना पोचलेली एक साधी सेटिंगची फाइल वाचताना ते कोलमडत, पुन्हा सुरू होत, पुन्हा तीच फाइल वाचत. दुरुस्तीचा प्रोग्राम इंटरनेटवरून घ्यायचा, तर तोवर टिकतच नव्हते. शेवटी लोकांना यंत्रं दुरुस्तीला पाठवावी लागली.

मावशीच्या प्रश्नाचं उत्तरही तयार आहे आणि ते जुनं आहे. डब्याच्या स्मरणात दोन खोल्या करायच्या. जुना प्रोग्राम पहिल्या खोलीत चालू ठेवून नवा दुसरीत लिहायचा. पूर्ण उतरला, बेरीज जुळली, सही पटली, तरच बूटलोडरने दुसरं दार उघडायचं. नवा प्रोग्राम तीनदा उठवूनही उठला नाही तर मुकाट जुन्याकडे परत यायचं. मग लाईट 43 टक्क्यांवर जावो की 99 वर, सकाळी टीव्ही लागणारच. बऱ्याच मोबाइलमध्ये हे वर्षानुवर्षं चालत आलं आहे. स्वस्त डब्यांत बहुधा होत नाही, कारण दुसऱ्या खोलीसाठी जास्तीची मेमरी लागते. डब्यामागे वाचतात थोडेच रुपये, पण डबे लाखांनी असतात. तो खर्च टळतो कंपनीचा आणि पडतो मावशीवर: हिंगोलीची खेप, कारागिराचे दोनशे रुपये आणि दोन दिवस मुका टीव्ही.

आठवडी बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या डब्यांना तर विचारूच नका. त्यांच्यामागे ना रहाट, ना सर्व्हर. जे भरून आलं तेच शेवटपर्यंत.

डबे बनवणाऱ्या आणि त्यांचे सर्व्हर उभारणाऱ्या मंडळींना एक विनंती. तुमच्या प्रयोगशाळेत यूपीएस असतो, म्हणून तिथली चाचणी धरू नका. एप्रिलच्या एखाद्या रात्री दहा डबे घेऊन आमच्या फीडरवर या. मावशीकडे जागा आहे, जेवणाचीही सोय होईल.